ऑर्किडची पीकपाहणी

आमच्या कवठे येमाईत वनस्पतीची प्रतिष्ठा तिच्या वजनावर ठरते. उसाचा मान टनावर, कांद्याचा क्विंटलवर आणि डाळिंबाचा कॅरेटवर. आणि जे उगवते परंतु काट्यावर चढत नाही, ते एक तर गुरांसाठी असते, नाही तर येमाईच्या पूजेसाठी असते, आणि या दोहोंतही बसत नसेल तर ते तण असते, अशी त्रिविध वर्गवारी येथील आबालवृद्धांस मुखोद्गत आहे. या वर्गवारीची सरकारी दप्तरात नोंद ठेवण्याचे काम ज्या अल्पवेतनी अंमलदाराकडे असे त्याला तलाठी म्हणत, आणि तो अंमलदार मी होतो. दप्तर दुसऱ्याच्या हवाली करून मी कधीच मोकळा झालो; पीकपाहणीही आता शेतकरी आपल्या मोबाइलवरून स्वतःच करू लागला; तरी गाव मला अद्याप ‘भाऊसाहेब’ म्हणते, आणि कोणतीही वनस्पती दृष्टीस पडताच माझ्या मनात सातबारा आपोआप उघडतो. गट नंबर कोणता, क्षेत्र किती, कब्जेदाराची वर्तणूक कशी, उत्पन्न काय आणि नाव कोणत्या फेरफाराने लागले, या पाच प्रश्नांना जोंधळ्यापासून वडापर्यंत प्रत्येकाने आजवर निमूटपणे उत्तरे दिली. पाचही प्रश्नांवर मला निरुत्तर केले ते एका ऑर्किडनेच, आणि तेही अशा ऑर्किडने की जे माझ्या करंगळीच्या नखावर सहकुटुंब मावले असते.

ऑर्किड म्हणजे आपल्या वनस्पतिग्रंथांतली आमरी. जगात तिच्या सुमारे अठ्ठावीस हजार जाती मोजल्या गेल्या आहेत आणि भारतात साडेबाराशेच्या आसपास. शहरातील स्वागतसमारंभांत व्यासपीठावर जांभळ्या अथवा पांढऱ्या रंगाची जी टवटवीत आणि गंधहीन फुले मान्यवरांच्या मागे तीन तास तिष्ठत उभी असतात, ती या घराण्याची सुखवस्तू शाखा होय. तिच्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही, कारण तिला पॉलिहाउस आहे, पाण्याची सोय आहे आणि बाजारभावही आहे. माझा विषय आहे तो सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, हिरड्याच्या किंवा जांभळाच्या सालीवर, शेवाळाच्या आडोशाने संसार थाटणारी खुजी मंडळी. ती दिसत नाहीत ही त्यांची पहिली खोड आणि दिसल्यावर विश्वास बसत नाही ही दुसरी.

प्रथम गट नंबर. ऑर्किडच्या काही जाती जमिनीत कंद धरून राहतात हे खरे. पावसाळ्यात कासच्या पठारावर जी हबेनारिया एका बाजूला शुभ्र फुलांची ओळ लावून उभी असते आणि जिला तेथील प्रवासी ‘टूथब्रश ऑर्किड’ म्हणतात, तिला निदान पायाखाली माती आहे आणि त्यामुळे तिचा मोजणीचा नकाशा काढता येईल. झाडावरच्या मंडळींचे काय करावयाचे? ती ज्या फांदीवर बसतात ती फांदी झाडाची, झाड बांधावरचे, बांध दोघा भावांच्या वादातला आणि वाद दिवाणी न्यायालयात; अशा ठिकाणी तिसऱ्याच पक्षकाराचे नाव ‘इतर हक्क’ या सदरात घालण्याची हिंमत कोणत्या तलाठ्याची होईल? बरे, गावकऱ्यांना विचारावे तर ते एका शब्दात निकाल देतात: बांडगूळ! हा आरोप मात्र सर्वस्वी खोटा आहे, आणि अब्रुनुकसानीचा दावा लावण्याची ऐपत ऑर्किडला नाही म्हणूनच तो शतकानुशतके चालत आला आहे. बांडगूळ आंब्याच्या फांदीत आपली मुळे घुसवून त्याचा रस ओढते. ऑर्किड सालीला केवळ धरून बसते. त्याच्या मुळांवर पांढऱ्या, सच्छिद्र पेशींचे वेष्टन असते, ते पावसाचे ओघळ आणि धुक्याचे दंव टिपून घेते आणि उन्हाळ्याची बेगमी बुंध्याशी असलेल्या फुगीर गाठींत साठवून ठेवते. घरभाडे ते देत नाही हे कबूल. परंतु घरमालकाच्या माठालाही ते हात लावीत नाही. कुळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ रोजी, कसणारी कुळे कागदोपत्री जमिनीची मालक झाली त्या प्रसिद्ध दिवशीसुद्धा या कुळाने हिरड्याविरुद्ध एक अर्ज केलेला नाही. इतके निरुपद्रवी कूळ माझ्या सगळ्या सेवेत मला आढळले नाही.

आमच्या गावी ही खुजी जमात का नांदत नाही, याचे कारण आभाळात आहे. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस आंबेगावच्या डोंगरांत आपला सारा जामानिमा उतरवून ठेवतो आणि शिरूरच्या हद्दीत रिकाम्या हाताने प्रवेश करतो. भीमाशंकरास एका जोमदार नक्षत्रात जितके पाणी पडते तितके आमच्याकडे वर्षभरात पडेल अशी खात्री ज्योतिषीही देत नाहीत. तरी एक नाते आहेच. घोड नदी आहुप्याच्या बाजूला सह्याद्रीतून निघते, डिंभ्याच्या धरणात अडते आणि तेथून कालव्यांनी व पात्राने खाली येऊन शिरूर तालुक्याचा ऊस उभा करते. म्हणजे ज्या पावसाचे पाणी मिळावे म्हणून आमचे लोक आवर्तनाच्या तारखांसाठी कचेरीत खेटे घालतात, त्याच पावसाचा पहिला हप्ता कोणत्याही अर्जाविना, पाटकऱ्याच्या मिनतवाऱ्या न करता, दोन बोटे उंचीच्या ऑर्किडने डोंगरावर परस्पर घेतलेला असतो. ही गोष्ट मी गावात फारशी बोललो नाही. पाण्याच्या बाबतीत आमच्याकडे विनोद चालत नाही.

आता क्षेत्र. हेक्टर आणि आर यांच्या खाली आमच्या खात्याचे गणित सहसा उतरत नाही, आणि येथे तर मिलिमीटरच्या पट्टीशिवाय पान हलत नाही. ओबेरोनिया नावाचे एक ऑर्किड घाटातल्या झाडांवर उलटे लोंबकळत असते. त्याची पाने चपटी, मांसल आणि एकीत एक बसविलेली. त्यांच्या टोकातून बोटभर लांबीचा एक बारीक तुरा खाली सुटतो, आणि त्या तुऱ्यावर शेकडो फुले वेटोळ्यांनी मांडलेली असतात. प्रत्येक फूल एक-दोन मिलिमीटरांचे. भिंग धरले म्हणजे कळते की त्या खसखशीच्या दाण्याएवढ्या जागेत तीन निदले आहेत, दोन पाकळ्या आहेत, आणि तिसरी पाकळी, जिला ओठ म्हणतात, तिच्या काठाला झालरसुद्धा आहे. लंडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी १८३० साली या वंशाला परीकथेतल्या ओबेरॉन राजाचे नाव दिले. पऱ्यांच्या राजाला दोन मिलिमीटरांत बसविणाऱ्या या गृहस्थाला क्षेत्राची जाण किती सूक्ष्म होती हे सांगावयास नको.

पोर्पॅक्सची तऱ्हा आणखी न्यारी. उन्हाळ्यात सालीवर गुंडीएवढ्या चपट्या, जाळीदार पापुद्र्यात गुंडाळलेल्या गाठींच्या जोड्या तेवढ्या चिकटलेल्या दिसतात; या सजीव आहेत असे सांगितले तर सांगणाऱ्याविषयीच शंका यावी. पावसाच्या तोंडाशी त्या जोडीमधून एक तपकिरी-तांबडे, नळीच्या आकाराचे फूल उगवते, आणि ते जवळजवळ गाठीवरच बसलेले असल्याने सालीलाच फूल आले असा भास होतो. डेंड्रोबियम मायक्रोबल्बन हे पश्चिम घाटाबाहेर कोठेही न आढळणारे ऑर्किड आपली पाने झडून गेल्यावर, अंगावर काही उरलेले नसताना, फुलावयास बसते. ट्रायस स्टॉक्सीचे फूल तर तीन निदलांचा चोख त्रिकोण असतो. मोजणीदाराने साखळी टाकून आखले असते तरी इतके बिनचूक उतरले नसते.

अशा वस्तू पाहावयाच्या म्हणजे झाडाच्या बुंध्याशी गुडघे टेकून, एक डोळा मिटून, नाक सालीला लावून बसावे लागते, आणि साठी उलटलेला मनुष्य या आसनात सार्वजनिक ठिकाणी बसला म्हणजे लोकांची कल्पनाशक्ती जागी होते. भीमाशंकरच्या वाटेवर मी एका जांभळाच्या खोडाला भिंग लावून बसलो असता आमच्याच बाजूच्या चार यात्रेकरूंनी मला ओळखले. शिरूर, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात उसाच्या फडातून बिबट्या निघणे ही आता बातमी राहिलेली नाही; त्यामुळे खोडाशी वाकलेला माजी सरकारी माणूस पाहताच त्यांनी एकमेकांकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले.

“भाऊसाहेब, नखं उमटलीत का?” एकाने दबक्या आवाजात विचारले.

“नखं नव्हेत, फुलं आहेत,” मी म्हणालो.

“असू द्या, असू द्या. आम्ही कुणाला बोलत न्हाय,” असे आश्वासन देऊन ते झपाट्याने एस. टी. स्थानकाकडे गेले. मी तेथे पोचेपर्यंत बिबट्याला मादी मिळाली होती, दोन बछडेही झाले होते, आणि सरकारने गुपचूप पाठविलेल्या पंचनाम्याच्या अधिकाऱ्याला, म्हणजे मला, बसायला जागा देण्यासाठी तिघे जण उठून उभे राहिले. दोन मिलिमीटरांच्या फुलाने मला मिळवून दिलेला हा एकमेव ऐहिक लाभ होय.

तिसरा प्रश्न कब्जेदाराच्या वर्तणुकीचा, आणि येथे माझी लेखणी जड होते. झाडाशी इतक्या सचोटीने वागणारे हे कूळ किड्यामुंग्यांशी मात्र असे काही व्यवहार करते की फौजदारीत त्यांना चारसो बीसच्या खाली जागा नव्हती. इतर फुले पराग सुटे ठेवतात आणि मोबदल्यात मधाचा घोट देतात. ऑर्किड आपल्या परागाची घट्ट गाठोडी बांधते, त्यांना चिकट बूड लावते आणि पाहुण्या किड्याच्या डोक्यावर अथवा पाठीवर ती अशी डकवते की तो बिचारा ती घेऊन पुढच्या फुलाच्या दारी जाईपर्यंत सुटका नाही. हमाली द्यावी ना? ऑर्किडच्या सुमारे एक तृतीयांश जाती मधाचा एक थेंबही देत नाहीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वेठबिगार कायद्याने बंद झाली ती माणसांपुरती. फुलांच्या राज्यात तो हुकूम अद्याप बजावला गेलेला नाही.

आणि वेठीला धरण्याच्या युक्त्या तरी किती! आपल्याच द्वीपकल्पात आणि सिंहलद्वीपात कॉटोनिया नावाचे एक ऑर्किड आहे. त्याच्या लांब दांडीवर विरळ फुले येतात आणि प्रत्येक फुलाचा ओठ गडद, मखमली, कडेला पिवळसर, म्हणजे हुबेहूब बसलेली मधमाशी. बल्बोफायलम या मोठ्या वंशातील कित्येक जातींत तर ओठ बिजागरीवर बसविलेला असतो: माशी येऊन टेकते, तिच्या वजनाने ओठ कलतो आणि माशी थेट फुलाच्या स्तंभावर आपटते, सावरून निघेपर्यंत गाठोडे पाठीवर पडलेले असते. कोस्टा रिकात लेपँथिस वंशातल्या एका ऑर्किडचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसून आले की एका जातीच्या चिलटाचे नर त्या चिमुकल्या फुलाला आपली मादी समजून त्याच्याशी विवाहोत्तर वर्तन करतात, आणि लग्न मोडल्यावर पदरात पराग घेऊन निघतात. इक्वेडोरच्या ओलसर अरण्यांत ड्रॅक्युला नावाच्या वंशातल्या एका फुलाचा चेहरा साक्षात माकडाचा आहे. डोळे, भुवया, तोंड, काही काही म्हणून कमी नाही. कार्लाइल लुअर यांनी १९७८ साली या वंशाची स्थापना केली आणि त्या फुलाला ‘सिमिया’ हे वानरवाचक नाव बहाल केले. या वंशातल्या काहींचा ओठ मात्र अळंबीच्या खालच्या घड्यांसारखा दिसतो आणि त्याला वासही अळंबीचा येतो, कारण गिऱ्हाईक असते अळंबीवर घरे करणारी माशी. माकडाचे तोंड हा सगळा माणसाच्या नजरेचा खेळ. माशीला माकडाशी कर्तव्य नाही.

सोंगांची आमच्या गावाला पारख आहे. लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर यांची लेखणी याच गावची, आणि वगनाट्यात एका माणसाने किती वेष पालटावेत याविषयी येथल्या प्रेक्षकांची मते ठाम असतात. त्यांच्यापैकी एका जुन्या रसिकापुढे मी कॉटोनियाचे छायाचित्र ठेवले. त्याने ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाला, “सोंग चांगलं वठलंय, पण बिदागी न देता प्रेक्षकालाच कामाला लावायचं म्हणजे अति झालं.”

यावर मी पुष्कळ विचार केला आणि माझ्या मते या लबाडीचे मूळ दारिद्र्यात आहे. ज्याच्या नावावर काळी, कसदार, कालव्याखालची जमीन आहे, त्याला कल्पकतेची गरज पडत नाही. तो उभा राहतो, वाढतो आणि कारखान्याच्या टोळीची वाट पाहतो. उसाने आजवर एकही युक्ती शोधून काढल्याचे ऐकिवात नाही. उलट ज्याला सालीच्या चिरेएवढी जागा, धुक्याएवढे पाणी आणि वाऱ्याने आणून टाकलेल्या पाचोळ्याएवढे खत यांवर वर्षाची तोंडमिळवणी करावयाची आहे, त्याला मधाची खैरात परवडत नाही. मग तो मधाऐवजी मधाची आशा देतो. तालुक्याच्या दप्तरात आयुष्य घालविलेल्या माणसाला हा स्वभाव अपरिचित नाही. मोठ्या खातेदाराचे अर्ज नेहमी एका साच्याचे असत. खरी प्रतिभा दिसे ती अर्ध्या गुंठ्याच्या अर्जात.

चौथा प्रश्न उत्पन्नाचा. हा मुद्दा निघाला तेव्हा शेजारचे तात्या ओट्यावर होते. तात्यांचा ऊस दरवर्षी जातो आणि त्यांचे मत कधीच जात नाही.

“एका बोंडात बी किती धरतं?” त्यांनी विचारले.

मी त्यांना सांगितले की चार्ल्स डार्विन यांनी १८६२ साली ऑर्किडच्या परागीभवनावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्यात एका विलायती ऑर्किडचे बोंड फोडून सुमारे ६,२०० बिया मोजल्या. एका झाडाला तीस बोंडे धरली तर एका रोपाचे बी सुमारे १,८६,००० होते, आणि त्या सगळ्या उगवल्या तर त्याच्या पणतवंडांनी पृथ्वीवरील सारी जमीन हिरवी व्हावी.

तात्या सरळ बसले. “मग झाली का?”

“नाही.”

“का न्हाय?”

येथे मला तगाईचे प्रकरण उघडावे लागले. ऑर्किडचे बी धुळीसारखे असते. एका ग्रॅमात लाखांनी मोजावे. एवढ्या हलक्या बियाण्यात आईने शिदोरी बांधून दिलेली नसते. पिठूळ गराचा तर पत्ताच नसतो. ते वाऱ्यावर फांदीला जाऊन पोचते खरे, पण तेथे विशिष्ट जातीची बुरशी भेटली आणि तिने अन्न पुरविले तरच ते अंकुरते. हे गुपित फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ साली उघडकीस आणले. म्हणजे बुरशी तगाई देते आणि ऑर्किड संसार उभा करते. परतफेडीचे विचाराल तर अंकुर आपल्या पेशींत शिरलेल्या बुरशीची वेटोळी चक्क पचवून टाकतो. तगाई बुडविणारे मी पाहिले आहेत. तगाई देणाऱ्यालाच गिळणारा दुसरा पाहिलेला नाही. त्यातही एपिपोगियम नावाचे एक महाभाग आहेत: त्यांना पान नाही, हरितद्रव्याचा लवलेश नाही, स्वयंपाकाचा प्रश्नच मिटविलेला, आयुष्यभर बुरशीच्या तगाईवर जमिनीखाली राहावयाचे आणि पावसाळ्यात काही दिवस फिकट फुलांचा तुरा वर काढून पुन्हा बेपत्ता व्हावयाचे.

“पुढे १९२२ साली अमेरिकेत लुइस नुडसन यांनी दाखवून दिले,” मी तात्यांना म्हणालो, “की बुरशी नसली तरी चालते, काचेच्या नळीत साखरेचे सत्त्व घातलेल्या खळीवर हे बी उगवते. आज बाजारात जी लक्षावधी रोपे येतात ती याच मार्गाने.”

तात्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान पसरले. “साखरच लागली ना शेवटी? तेच म्हणतो मी.” आणि जागतिक वनस्पतिशास्त्राचा कारभार अखेर ऊस उत्पादकांच्या जोरावरच चालतो हे सिद्ध झाल्यामुळे ते चहा न घेता उठले.

त्यांच्या स्वतःच्या ऑर्किडची हकीकत या सिद्धांताला अनुकूल नाही. त्यांच्या नातवाने पुण्याहून एक फॅलेनॉप्सिस कुंडीसह आणले. कुंडीत माती नव्हती; कोळशाचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चोयटे तेवढे होते. पोराला कोणीतरी फसविले याविषयी तात्यांची खात्री झाली. त्यांनी कनवाळूपणाने ते रोप उपसून आपल्या सर्वांत भारी काळ्या जमिनीत लावले, बुडाशी मूठभर दहा-सव्वीस-सव्वीस टाकले आणि उसाच्या सरीबरोबर त्याला पाणी सोडले. ज्या मुळांना वारा हवा होता त्यांना त्यांनी वैभव दिले. आठवड्यात त्या रोपाने गाशा गुंडाळला. “खाऊन माजलं आणि गेलं,” असा मृत्यूचा दाखला तात्यांनी दिला, आणि मला तो बदलावासा वाटला नाही.

राहता राहिले नाव. फेरफार नोंदवही हा आमच्या दप्तराचा आत्मा: जमीन जागच्या जागी असते, नावे मात्र हलत असतात. वनस्पतिशास्त्रातही हेच चालते, आणि त्यातील पहिल्या नोंदी आमच्या अंगणातच झालेल्या आहेत. कंपनी सरकारचे डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हे १८३८ पासून पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पतिबागेचे अधीक्षक होते. जुन्नर तालुक्यात नारायणगावाशेजारी हिवरे येथेही त्यांच्या देखरेखीखाली सरकारी बाग होती. आणि १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक तेच झाले. निकल डालझेल यांच्यासह त्यांनी १८६१ साली ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ काढला. याच डालझेल यांनी सह्याद्रीतल्या एका बोटभर ऑर्किडची नोंद डेंड्रोबियम मायक्रोकायलॉस अशी केली. पुढे लिंडली यांनी ते एरिया या खात्यात वर्ग केले. कालांतराने ते काँचिडियमच्या नावे लागले. अलीकडे शास्त्रज्ञांनी पुन्हा मोजणी करून काँचिडियमचे अख्खे खातेच पोर्पॅक्समध्ये विलीन केले, आणि मघाशी सांगितलेले त्रिकोणी ट्रायसही आता बल्बोफायलमच्या एकत्र कुटुंबात गेले. इतके फेरफार, आणि एकाही नोंदीची नोटीस मूळ कब्जेदारावर बजावलेली नाही! ते आपले जून महिन्यात पूर्वीच्याच सालीवर, पूर्वीच्याच आकाराचे पांढरे फूल काढून बसते.

नावे ठेवण्याची रीतही ओळखीची वाटते. घाटातल्या काही छोट्या ऑर्किडांच्या वंशाला सेसिल साल्ढाणा यांनी १९७४ साली स्मिथसोनिया हे नाव दिले, कारण वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने कर्नाटकातल्या हासन जिल्ह्याच्या वनस्पतींच्या अभ्यासाला साहाय्य केले होते. आमच्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरतात. तेथे ते फुलावर कोरतात, एवढाच भेद, आणि फुलावर पाय पडत नाही हा लाभ. सांतापाव आणि कपाडिया यांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९६६ साली निघाला. तो चाळताना एका गोष्टीने मी थक्क झालो: हातभर उंच आणि नखभर उंच अशा दोन्ही प्रकारच्या खातेदारांना त्यात सारख्याच काटेकोरपणे नोंदविले आहे. आमच्या खात्यात हे कधी जमले नाही.

क्षुद्रतेला कीर्ती मात्र परदेशात मिळते. इक्वेडोरमध्ये लू जोस्ट नावाच्या संशोधकाने अभ्यासासाठी एक झाड गोळा करून आणले होते. त्याच्या मुळांत त्याला दुसरेच एक चिमुकले ऑर्किड बिऱ्हाड करून राहिलेले आढळले. फूल २.१ मिलिमीटर रुंद, आणि पाकळ्या अवघ्या एका पेशीच्या जाडीच्या, म्हणून आरपार दिसणाऱ्या. २००९ साली ही बातमी जगभर झाली. पोटहिश्शाचा पोटहिस्सा, तोही दुसऱ्याच्या मुळाशी, आणि कीर्ती सातासमुद्रापार! आमच्याकडे चाळीस एकरांच्या खातेदाराचे नाव मलठणच्या पुढे कोणाला ठाऊक नसते.

तेव्हा माझी पीकपाहणी अशी संपली: गट नंबर नाही, क्षेत्र मोजणीयोग्य नाही, वर्तणूक यजमानाशी निर्मळ, गिऱ्हाइकाशी संशयास्पद, उत्पन्न लाखांचे, उगवण नगण्य, नाव वादग्रस्त. यांतून सरकारला दमडीचा वसूल नाही आणि गावाला वैरणीची पेंढी नाही. तरीही श्रावणात जे भीमाशंकरी जातात त्यांना माझी विनंती आहे की खिशात एक भिंग ठेवावे, दर्शन झाल्यावर एखाद्या जुन्या जांभळाच्या बुंध्याशी घटकाभर बसावे, आणि बिबट्याविषयी कोणी विचारल्यास नकार देऊन वेळ दवडू नये. जे दिसेल ते उपटू नये, कारण ज्या बुरशीच्या तगाईवर त्याचा संसार उभा आहे ती आपल्या कुंडीत येत नाही. रस्त्याच्या कडेला कोणी जंगलातून ओरबाडून आणलेले ऑर्किड विकत असेल तर ते घेऊ नये. आणि वादळाने मोडून पडलेल्या फांदीवर ते जिवंत दिसले, तर जवळच्याच उभ्या झाडाच्या खोडावर सुतळीने अलगद बांधून ठेवावे. ज्याच्या नावावर कोठेही गुंठाभर जमीन नाही, त्याची फांदी तरी जाऊ नये, असा या प्रकरणी माझा शेरा आहे.